लुर्दीची खालची ओळ

लुर्दी, तुझ्या चर्चमध्ये मी मागच्या मंगळवारी चपला बाहेर काढून अनवाणी आत गेले. सत्त्याऐंशीव्या वर्षी. एकोणिसाव्या वर्षीही हेच केलं होतं, तेव्हा तू माझ्या चपला हातात घेऊन मागून धावत आली होतीस. "इंदू गो, हे देऊळ न्हय. घाल पायात, नाहीतर जातील." या खेपेला कुणी आणून दिल्या नाहीत. थंड फरशीवर पायावर पाय घेऊन बसले आणि पुढे ठेवलेल्या तुझ्या शवपेटीकडे बघत राहिले.

फादर तुझ्याबद्दल बोलले. ऑफिसात किती वर्षं टायपिंग केलंस, चर्चच्या गाण्यात किती वर्षं उभी राहिलीस, नातवंडं किती. मग म्हणाले, लुर्दीनबाई फार शांत स्वभावाच्या होत्या. मी रुमाल तोंडाशी धरून हसले. शेजारच्या बाईला वाटलं, रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मी खरंच रडायला लागले. तो हात तुझ्यासारखाच जड होता.

तुझी माहिती सगळ्यांनी सांगून झाली. माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे आणि ती तुझ्यापेक्षा माझीच जास्त आहे. तुला कधी सांगितली नाही. आता तू उलटून बोलू शकत नाहीस, तर सांगायला बसले आहे. माझी हिंमत अशीच, गाडी गेल्यावर स्टेशनात येणारी.

तुला आपली पहिली भेट आठवते? मला माझं तोंड आठवतं, फुगलेलं. गिरगावात आमच्या चाळीत बुवा राहायचे, माझे गाण्याचे गुरुजी. त्यांची पेटी बिघडली म्हणून मागच्या ख्रिस्ती वाडीतून तुझे पपा आले. संध्याकाळी हॉटेलात व्हायोलिन वाजवायचे, दिवसा पियानो आणि पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या मागे फ्रॉक घातलेली तू, हत्यारांची पिशवी धरून उंबऱ्यावर उभी.

बुवांनी एक पट्टी दाबून धरली. "हा गंधार चढा लागतो."

"बुवा, सगळीकडे असाच असतो," पपा म्हणाले. "पियानोत पण हाच."

"मग पियानोचाही चढाच असणार. त्यालाही सांगा."

तू मोठ्याने हसलीस. आमच्या बुवांसमोर! मी तुझ्याकडे असं बघितलं की तू जळून जायला हवी होतीस. तू मला जीभ दाखवलीस.

पपांनी पेटी उघडली, आतली पितळेची पत्ती हळूहळू घासली, पुन्हा बसवली. बुवांनी डोळे मिटून सूर धरला आणि मान हलवली. पपा हात पुसत म्हणाले, "आता हा गंधार तुमच्या या एका पट्टीत गोड लागेल. दुसऱ्या पट्टीत गायला गेलात तर रडेल हां."

"मी कुठे जातोय?" बुवा म्हणाले.

तेव्हा मला वाटलं होतं, काय बाणेदार उत्तर! मला त्या वयात सगळ्याच गोष्टी बाणेदार वाटायच्या. मला यमन येत होता, भूप येत होता आणि बिहाग अर्धा. तेवढ्या भांडवलावर मी चाळीच्या जिन्यावरून अशी उतरायची, जणू खाली मैफल वाट बघतेय. दोन वेण्या, हातात वही आणि चेहऱ्यावर अख्खं घराणं.

पुढच्या आठवड्यात तू व्हायोलिन घेऊन बुवांच्या दारात उभी. शिकायचं म्हणालीस. बुवांनी तुला वाजवून दाखवायला सांगितलं. तू उभी राहून, हनुवटीखाली व्हायोलिन दाबून काहीतरी भरधाव वाजवलंस. मी म्हटलं, "एवढं दाबून का धरलंयस? पळून जाणार आहे का?" बुवांनी मला गप्प केलं आणि तुला म्हणाले, "पोरी, खाली बस. उभ्याने गाणं येतं आणि जातं. बसलं की राहतं."

फ्रॉकात मांडी घालून बसायची पंचाईत. बुवांच्या बायकोने, काकूंनी, आतून शाल आणून तुझ्या गुडघ्यांवर टाकली. व्हायोलिनचं एक टोक छातीशी, दुसरं पायाच्या घोट्यावर. तीन महिने तुझ्या घोट्यावर लाल वळ होता. तुझी आई विचारायची, कुणी मारलं? तू सांगायचीस, यमनाने.

बदल्यात तू मला चर्चमध्ये नेलंस, गाण्याच्या तालमीला. मी ऐकलं आणि मला घाम फुटला. माणसं चार आणि चौघं चार वाटांनी निघालेली! मला वाटलं, कुणीतरी यांना थांबवायला हवं, बिचाऱ्यांना आपसांत चुकतंय हे कळतच नाहीये.

"वरचा आवाज सोड," तू कानाशी कुजबुजलीस. "खालचा धर. त्याला सेकंड म्हणतात. तो ऐक."

"मला एका वेळी एकच ऐकू येतं."

"मग दुसरा कान काय डूल घालायला?"

हे भांडण आपण जन्मभर भांडलो. मी म्हणायची, एका सुरात सगळं असतं, त्याच्या पोटात शिरायला जन्म पुरत नाही. तू म्हणायचीस, असेल गो, पण शेजारी दुसरा उभा राहिला की पहिल्याला कळतं आपण कुठे आहोत. मी म्हणायची, म्हणजे तुमच्या सुराला एकट्याने उभं राहता येत नाही. तू म्हणायचीस, तुमच्याला दुसऱ्याबरोबर राहता येत नाही. मग चहा.

त्याच दिवसांत मुंबई पेटली होती. संयुक्त महाराष्ट्र, मुंबईसह. गिरगावात सकाळी दूध आणायला जावं तर रस्त्यावर विटांचे तुकडे आणि एकेकटी पडलेली चप्पल. वडील ऑफिसातून पायी यायचे. मला देशासाठी काहीतरी करायचं होतं; खरं सांगायचं तर मला पांढरी साडी नेसून माईकसमोर उभं राहायचं होतं. देश सोयीचा होता.

डिलाईल रोडला परबदादांचं कलापथक होतं. मिलमध्ये मागावर काम करायचे, पाळी सुटली की गाणी लिहायचे, आणि रविवारी परळ-लालबागच्या सभांतून ती गायली जायची. मी तिथे गेले आणि जाताना तुला ओढत नेलं. माझी आई म्हणाली, "ती कशाला? त्यांचं काय जातंय?" तुझ्या वाडीतल्या मावशीने तुला हेच विचारलं, कोकणीतून. पथकातली एकजण तर तुझ्या फ्रॉकाकडे बघत तोंडावर म्हणाली, "ह्यांना कुणी विचारलंय?"

तू चिडली नाहीस. म्हणालीस, "मी इथे जन्मले, इथे गाते, इथेच मरणार. माझ्याच घरात यायला मी कुणाला विचारू?"

परबदादा खाली बसून विडी ओढत होते. त्यांनी वर बघितलं. "आवाज आसा मा तिका? मग झाला तर."

आणि चार दिवसांनी ते गाणं घेऊन आले. "माझ्याच दाराशी उभी मी, सांगा कुणाला विचारू, आत येऊ?" गिरणीतल्या बाईचं गाणं, मुंबईबद्दल. शब्द कुठून आले ते तू ओळखलंस, मी ओळखलं. परबदादा तुझ्याकडे बघून हसले. चाल माझी. म्हणजे बुवांच्या भूपातल्या एका चिजेवरून उचललेली, पण तेव्हा मी छाती काढून "माझी" म्हणत असे.

तालीम परबदादांच्या चाळीच्या गच्चीवर, पहिली पाळी सुटल्यावर. आपण सातजणी. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "ही बाई दारात एकटी उभी आहे. तिच्या शेजारी कुणीतरी उभं करूया?" आणि मी गात असताना तू खालून सुरू केलंस. तेच शब्द, पण तुझा "उभी मी" माझ्या "मी"च्या खाली उतरला आणि तिथे थांबला. तेवढं मला आठवतं. तो पहिला सूर. कारण पुढच्याच क्षणी माझी चाल माझ्या पायाखालून सरकली, मी तुझ्या सुरावर घसरले आणि थांबून तुझ्यावर ओरडले.

परबदादा मात्र उठून उभे राहिले होते. "परत म्हणा. परत म्हणा बघूया."

ठरलं. तिघी माझ्याबरोबर वर, दोघी तुझ्याबरोबर खाली. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातली शेवंता आणि तिची जाऊ. पण रोज तेच व्हायचं. आम्ही तुमच्यावर नाहीतर तुम्ही आमच्यावर. मग मी एक युक्ती काढली. सांगताना अजूनही कान लाल होतात. मी माझ्या तिघींना म्हटलं, "त्यांच्या बाजूच्या कानात बोट घाला. आपलं आपण गायचं." झालं, आमची ओळ एकदम पक्की! सातजणी गच्चीवर उभ्या, त्यातल्या चारजणी कानात बोटं घालून गातायत.

परबदादा म्हणाले, "ह्यो गातत की कान कोरतत?"

तू माझ्याकडे आलीस. "इंदू, बोट काढ गो. एकदाच कान उघडा ठेवून गा. आपण दोघी मिळून काय होतं ते ऐक."

"सभेला ऐकेन," मी म्हटलं. "आधी पक्कं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तू पाच-पाच रेघांचा कागद आणलास. दोन्ही ओळी लिहून ठेवणार होतीस. तू काढलेली पहिली दोन-चार काळी टिंबं बघून मी नाक मुरडलं. "ह्या मुंग्या आवर. आमच्यात गाणं कागदावर ठेवत नाहीत. तोंडातून कानात जातं. कागदावर वाळून जातं."

"आणि विसरलं तर?"

"विसरतं ते आपलं नसतंच."

काय वाक्य होतं ग! बुवांचंही नव्हतं, कुठल्या तरी भाषणात ऐकलेलं असणार. अडीच रागांची मालकीण गच्चीवर उभी राहून तुला, पाच वर्षांची असल्यापासून चार आवाजांत गाणाऱ्या मुलीला, गाणं म्हणजे काय ते शिकवत होती. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, भांडशील. तू म्हणालीस, "बरं. तुझ्या पद्धतीने." त्या जवळजवळ कोऱ्या कागदाची पुडी करून शेवंताला त्यात शेंगदाणे दिलेस आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलीस. तोंडातून कानात. तू एकदा, ती दहादा. तुम्ही गच्चीच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला, मध्ये कुणाचे तरी पापड वाळत.

सभा परळच्या मैदानात, संध्याकाळची. गिरण्यांतून सुटलेली माणसं थेट आली होती, डोक्यावर कापसाचे तंतू तसेच. माझी पांढरी साडी कडक इस्त्रीची. माईक एकच, तो मी पुढे होऊन ताब्यात घेतला होता हे वेगळं सांगायला नको. तुम्ही तिघी बाजूला, जरा मागे. आणि सुरू करायच्या क्षणी मला तिसऱ्या रांगेत काळी टोपी दिसली. बुवा. न सांगता आले होते.

पहिलं कडवं एका आवाजात. मैदान गप्प. दुसऱ्या कडव्याला तुम्ही खालून आलात.

कुणीतरी हसलं. मग एक ओरडला, "ओ बाई, एक काय ते ठरवा!" दुसरा म्हणाला, "घरातलं भांडान हितं नको!" हसण्याची लाट पुढून मागे गेली. मी बुवांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. का घातली होती, मला आजही माहीत नाही. कदाचित ऐकत असतील, ते ऐकताना मान खालीच घालत. मला वाटलं, लाजले. माझ्यामुळे लाजले.

मी डावा हात कानावर ठेवला, गवई ठेवतात तसा, आणि उजव्या हाताने तुमच्याकडे खूण केली. माझ्याकडे या. वर या. शेवंता आणि तिची जाऊ गोंधळल्या आणि एका ओळीत वर आल्या. सहाजणी एका सुरात. मैदानाने टाळ्यांचा ठेका धरला.

तू आली नाहीस. तू तुझ्या जागी उभी राहून खालची ओळ गात राहिलीस. माईक नाही, शेजारी कुणी नाही, पुढे हजारो माणसं आणि एका बाजूला मी, तुझी मैत्रीण, पाठमोरी. शेवटपर्यंत गायलीस. तुझे ओठ हलत होते हे मला शेवंताने नंतर सांगितलं.

कारण माझ्या हाताखाली माझं बोट कानात होतं, लुर्दी. पार आतपर्यंत.

सभा संपली. परबदादा खूश, लोक माझ्याभोवती. बुवा न भेटता गेले. आपण दोघी परळहून निघालो, ट्रामच्या स्टॉपवर उभ्या राहिलो. मी बडबडत होते, कसं सांभाळून घेतलं, लोक कसे बिथरले होते. तू रस्त्याकडे बघत होतीस.

"लोक पहिल्यांदा हसतातच गो," तू म्हणालीस. "नवीन आहे त्यांना."

"म्हणून तर मी खूण केली."

"हं." मग माझ्याकडे वळून, "ते जाऊ दे. तू तरी ऐकलंस ना? सभेला ऐकेन म्हणाली होतीस. कानावर हात होता तुझा, पण ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "ऐकलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"कसं वाटलं?"

मी म्हटलं, "छान वाटलं ग. फार छान."

तुझा चेहरा त्या क्षणी काय झाला, ते माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही. नवरा गेला, बुवा गेले, एवढं काय काय झालं, पण तो चेहरा गेला नाही. दिवसभराचं सगळं पुसलं गेलं तुझ्या तोंडावरून. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मग झालं. एकाने ऐकलं तरी झालं." ट्राम आली. तू मला शेंगदाणे दिलेस. मी खाल्ले.

मुंबई मिळाली, राज्य झालं, पथक पांगलं. परबदादा गावी गेले ते तिकडचेच झाले. ते गाणं मी पुढे कितीदा गायले, शाळेत मुलींना शिकवलं, हळदीकुंकवाला म्हटलं, एका आवाजात. तू लग्न करून माटुंग्याला गेलीस, मी दादरला आले. आठवड्याला एक भांडण ठरलेलं होतं. तुझं म्हणणं, माझी तान म्हणजे चाळीचा जिना, चढताना दिसतो, उतरताना जीव जातो. माझं म्हणणं, तुझ्या व्हायोलिनला अजून बसायची सवय लागली नाही.

हे गेले तेव्हा तू व्हायोलिन घेऊन आलीस. पन्नाशी उलटलेली तू, गुडघे दुखत असताना आमच्या जमिनीवर मांडी घालून बसलीस, घोट्यावर टोक टेकवलंस आणि कुणाला न विचारता यमन वाजवलास. तासभर. कुणी म्हणालं, सुतकात वाजवतात का? तू ऐकलं नाहीस. मी भिंतीला टेकून बसले होते. तुझा गंधार बुवांचा होता, तुझ्या पपांनी घासून खाली आणलेला तोच. त्या दिवशी मला श्वास घेता आला तो त्या एका सुराच्या आधाराने. हेही तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते काय, तर "निषाद जरा कमी पडला." तू म्हणालीस, "रडतेस आणि वर चुका काढतेस, मेल्ये."

दोनदा मी धीर केला होता. एकदा तुझ्या घरी, तू सोरपोतेलाचं कालवण ढवळत असताना मी आपलं सहज विचारल्यासारखं म्हटलं, "ते खालचं म्हण ना एकदा. परबदादांच्या गाण्याचं."

तू चमचा हलवत म्हणालीस, "ते एकदाच होतं गो. तुझ्यासाठी होतं. तू ऐकलंस, माझं झालं."

आता यावर मी काय बोलणार होते? ऐकलं म्हणणाऱ्या बाईला पुन्हा ऐकायची एवढी गरज का? दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुझ्या घशाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. तू हसून मान हलवलीस आणि गळ्यावरचा स्कार्फ सारखा केलास. मी व्हायोलिनवर वाजव म्हणू शकले असते. जीभ रेटली नाही. तुझ्या डोळ्यांत ती ट्रामच्या स्टॉपवरची खुशी इतकी ताजी होती, की मला वाटलं, हिचं तेवढं राहू दे. असं मी मनाला सांगायची. मनाला काय, ते माझंच.

मंगळवारी तुला माती देऊन सगळे तुझ्या घरी आलो. तुझ्या ॲनिटाने मला खुर्ची दिली, कॉफी दिली. साठीची झाली ग ती, केस तुझ्यासारखेच कापते. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली.

"आंटी, सातव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना आहे, मिस्सा, त्यानंतर मम्मीसाठी तुमचं ते गाणं म्हणायचंय. दाराचं. वरचं मला येतं, तुम्हीच शिकवलंय लहानपणी. खालचं तेवढं सांगा. आमचा चर्चचा सगळा कॉयर शिकेल."

मी कॉफीत बघत राहिले.

"मी मम्मीला कितीदा म्हटलं, लिहून ठेव," ती सांगत होती. "ती म्हणायची, इंदूला कागद आवडत नाही. तिने पूर्ण ऐकलंय, शेवटपर्यंत. माझ्यामागे लागलं तर तिच्याकडे जा. तिच्याकडे आहे."

माझ्याकडे आहे. तू जगभराचं सगळं लिहून ठेवणारी. वाण्याची यादीसुद्धा टाइप करायचीस. एवढी एकच गोष्ट तू माझ्या पद्धतीने ठेवलीस, माझ्या कानात.

मी ॲनिटाला म्हटलं, "आठवून सांगते." हेही खोटंच.

सहा दिवस बसले, लुर्दी. नातीने फोनवर तानपुरा लावून दिला. माझं वरचं तिने त्याच फोनात भरून घेतलं, ते सुरू करून मी खालून तुझं शोधायची. "उभी मी"चा तो पहिला सूर सापडतो. तिथे मी थांबते. पुढे तू कुठे गेलीस? उतरलीस, की तिथेच राहून माझ्याकडे बघितलंस? "कुणाला विचारू"ला माझा आवाज वर जातो तेव्हा तू कुठे होतीस? मी एक पाऊल टाकते आणि दुसऱ्या पावलाला माझ्याच ओळीवर येते. दर वेळी. नात म्हणाली, "आजी, तू तेच तेच म्हणतेयस." शेवंता कधीच गेली. तिची जाऊ कुठे असेल, असेल तरी की नाही. मैदानात हजारो माणसं होती, त्यांनी ऐकलं असेल माझ्या आवाजाच्या कडेने. पण ते हसत होते.

वाटलं होतं, काहीतरी रचून देऊन टाकावं. कुणाला कळणार आहे? अडीच रागांवर मी जन्म काढला, एक ओळ रचणं काय अवघड? मग वाटलं, तुझ्या मुलीच्या तोंडून, तुझ्याच मिस्सानंतर, माझं खोटं गायलं जाईल.

सहाव्या दिवशी ॲनिटाला फोन केला. म्हटलं, "बाळ, मी ते ऐकलं नव्हतं. माझ्या कानात बोट होतं. तुझ्या आईला मी ऐकलं म्हणून सांगितलं." मला वाटलं, आता ती मला काहीतरी बोलेल, आणि मला ते हवं होतं. कुणीतरी मला रागवायला हवं होतं, आणि रागवणारी एकटीच शिवडीला मातीखाली आहे.

"इट्स ओके, आंटी," ती म्हणाली. "इतक्या वर्षांची गोष्ट. आपण चर्चचं नेहमीचं गाणं, हिम, घेऊ. तुम्ही टेन्शन घेऊ नका हां, गोळ्या घेतल्यात ना?"

तिला काय माहीत ती काय सोडून देतेय. तिचा काय दोष?

काल ती मिस्सा झाली. हिम चार आवाजांत गायलं. चपला घालूनच गेले होते. हात मांडीवर ठेवले होते, दोन्ही. तू शिकवल्यासारखं वरचा सोडून खालचा धरायला गेले. एक-दोन ओळींपुरता तो हाती लागला. खालून जाणाऱ्या चार बायका होत्या, तुझ्या जागेवर एक तरुण पोर उभी होती, आणि त्या वरच्यांना असं काही धरून होत्या की मला कळलं, गच्चीवर तू काय मागत होतीस. मग तेही सुटलं. माझे कान आता तेवढे राहिले नाहीत.

घरी येऊन हे लिहायला बसले. दुपार झाली आहे, खाली कुणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालतंय, नात विचारून गेली, जेवतेस ना. जेवेन. तेवढं एक उत्तर द्यायचं राहिलं आहे, सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचं.

तू विचारलं होतंस, कसं वाटलं.

मला माहीत नाही, लुर्दी. मला माहीत नाही ग.